रुमालाखालचे तारे

दस्तगीरभाई, सौदा अर्धा टाकून उठून जाणारा माणूस मला कधीच आवडला नाही. शाहूपुरीच्या पेठेत असं कुणी केलं तर मी त्याच्या दुकानावरून जाताना मान फिरवतो. तुम्हाला हे चांगलं माहीत होतं. तरीही तुम्ही गेलात, आणि आपला रुमाल तसाच पसरलेला राहिला.

सध्या लोक तुमच्याबद्दल फार चांगलं बोलतात. मोजणी खात्यातला सचोटीचा माणूस, साखळी टाकली की पाटलाच्या धाकानंही बांध सरकू देणार नाही, वगैरे. ते ज्यांना सांगायचं त्यांनी सांगावं. मला तुमच्याशी भांडायचं आहे. मातीनंतरचा तुमचा चाळिसावा दिवस अजून व्हायचा आहे आणि तोवर माणूस फार लांब गेलेला नसतो, असं तुमच्या घरच्या अमीनाभाभी म्हणाल्या. म्हणून घाईनं लिहायला बसलो.

सुरुवात दुर्बिणीपासून करतो, कारण ती माझी होती. महाराजांनी पेठ वसवली तेव्हा मी नेसरीहून येऊन इथं पाठीवर ढेपा वाहत होतो, आणि पुढं त्याच पेठेत गुळाचा अडत्या झालो. त्या भरात एका विलायतेला परतणाऱ्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात ही पितळी नळी, तिच्या तीन पायांसकट, मी बोली लावून घेतली. बाकीच्यांना वाटलं मल्लाप्पाचं डोकं फिरलं. माझा बेत मात्र पक्का होता. वखारीच्या गच्चीवर ती उभी करायची, पंचगंगेच्या पुलावर गुळाच्या गाड्या दिसल्या की बाकीचे अडते दातवण चघळत असताना आपण वाटेतच गाठून माल ठरवून टाकायचा.

पहिल्याच सकाळी मी डोळा लावला आणि पुलावरच्या साऱ्या गाड्या उलट्या. चाकं वर, बैलांचे पाय आभाळात, ढेपा खाली लोंबकळतायत आणि एकही पडत नाही. मी जो आरडाओरडा केला तो पेठेला अजून आठवतो. साहेबानं फसवलं, मोडकी नळी गळ्यात मारली, आत्ता जाऊन धरतो, असं म्हणत जिना उतरत होतो तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून तुम्ही लुंगी सावरत आलात. तुम्ही डोळा लावलात, पूल बघितलात आणि तिथंच फरशीवर बसून पोट धरून हसायला लागलात. तोवर आपली नुसती रामराम-सलाम एवढीच ओळख होती.

“मल्लाण्णा, ही जमिनीची न्हाय, ही आभाळाची हाय,” तुम्ही म्हणालात. “आभाळात खाली-वर नसतंय, म्हणून तारं बघणाऱ्यास्नी उलटं दिसलं तरी चालतंय.”

मी म्हटलं, आभाळात माझ्या गाड्या येत नाहीत. तुम्ही म्हणालात, संध्याकाळी या, मग बोलू. त्या संध्याकाळी तुम्ही मला चंद्र दाखवलात, आणि मी नळी विकायचा विचार सोडला. एवढं सगळं फुकट डोक्यावरून चाललंय आणि पेठेत एकालाही त्याचा पत्ता नाही, ही गोष्ट माझ्यासारख्या माणसाला सोडवेना.

पुढचं सगळं त्या गच्चीवरचं. चैत्रात जेवणं उरकली की दक्षिणेला, आमच्या नेसरीच्या अंगाला, नरतुरंग वर यायचा. त्याच्यात एक पुसट डाग आहे, नुसत्या डोळ्यांना पाण्यात पीठ सांडल्यासारखा दिसणारा. नळीतून बघितल्यावर त्या पिठाचा रवा व्हायचा. कण न् कण वेगळा, मधे दाट, कडेला विरळ. तो ताऱ्यांचा गुच्छ विलायतेतून दिसतच नाही, पृथ्वीच्या पोटाआड राहतो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला फार बरं वाटलं. साहेबाच्या देशात नसलेला माल आपल्या पेठेवर होता.

तुम्ही मोजणीचा नकाशा समजावता तसं मला सगळं समजावलंत. जुन्या पुस्तकांचं म्हणणं असं की तारा जन्मतो तो पांढरा, भट्टीतून काढलेल्या लोखंडासारखा. मग पिवळा होतो, म्हातारपणी लाल होतो आणि विझतो. नवी मंडळी म्हणत होती की तसं नाही. तारा आधी लाल, फुगलेला, पातळ असतो, आवळत आवळत तापतो आणि पांढरा होतो, आणि मग निवताना पुन्हा लाल. आता खरं कुणाचं, हे एरवी सांगता येत नाही, कारण झगझगीत तारा खरंच मोठा आहे की नुसता जवळ आहे, हेच कळत नाही. पण गुच्छातले सगळे तारे आपल्यापासून सारखेच लांब. तिथं जो झगझगीत दिसतो, तो खरंच झगझगीत.

मी म्हटलं, मग सरळ सांगा की, एका काहिलीतला गूळ. वेगवेगळ्या गुऱ्हाळांतल्या ढेपा शेजारी ठेवून रंग ताडता येत नाही. ऊस निराळा, जाळ निराळा. पण एकाच काहिलीतल्या ढेपा असल्या, तर कुठली आधी काढली आणि कुठली चुलीवर जास्त राहिली, हे रंगावरून कुठलाही अडत्या सांगेल. तुम्ही नळीवरून डोळा काढलात आणि म्हणालात, एवढं साधं मला सुचलं नव्हतं. ते वाक्य मी आजवर जपून ठेवलंय. माझ्या वाट्याला तुमच्याकडून अशी वाक्यं फार आली नाहीत.

तेव्हा प्रश्न एवढाच होता. गुच्छाच्या कडेला सुटे असलेले ते झगझगीत कण पांढरे की लाल? पांढरे निघाले तर जुनी पुस्तकं खरी. लाल निघाले तर ती पुस्तकं रद्दीत, कारण विझत आलेला तारा सगळ्यांत झगझगीत कसा असेल? मी बघितलं आणि म्हटलं, लाल. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, पांढरे.

मग आपली पहिली अडचण आली. तुम्ही म्हणालात की मल्लाण्णा, मी पांढरा म्हटलं की तुमच्या तोंडून लाल निघणारच, तुमचा स्वभावच तसा आहे. मी चिडलो, आणि चिडूनच तोडगा काढला. गुळाच्या पेठेत भाव कधी तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात रुमालाखाली जातात, बोटं दाबली जातात, आणि शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नाही. तसंच करायचं. आधी दोघांनी बघायचं, मग रुमालाखाली एकाच वेळी एकमेकांच्या हातात बोटं दाबायची. एक बोट म्हणजे धुतल्यासारखा पांढरा, दोन म्हणजे पिवळट, तीन म्हणजे चांगल्या गुळासारखा सोनेरी, चार म्हणजे तांबूस, आणि अख्खा पंजा म्हणजे लाल.

अमीनाभाभी एकदा चहा घेऊन वर आल्या. बघतात तर मिट्ट अंधारात दोन थोराड माणसं रुमालाखाली हात घालून उभी.

“आंधार हाय तर रुमाल कशापायी?” त्यांनी विचारलं. “कोन बघतंय तुमास्नी?”

मी सांगितलं की रुमालाशिवाय हाताला सौदा वाटत नाही. त्या म्हणाल्या, मग दिवा लावा आणि रुमालाखाली बघा, तारा तिथंच घावंल. तुम्ही इतके हसलात की चहा माझ्या धोतरावर सांडला, आणि त्या संध्याकाळचं काम बुडालं ते बुडालंच.

आणि ती मुंगी आठवते? माझ्या हातांना गूळ कायमचा, म्हणून नळीला मुंग्या. एकदा तुम्ही डोळा लावून असताना गुच्छातले तारे एकामागून एक विझायला लागले. काहीतरी काळं, मोठं, गुच्छासमोरून चाललंय, असं तुम्ही कुजबुजलात, आणि मी कंदील आणायला धावलो. तेवढ्यात त्या काळ्या मोठ्या वस्तूनं तुमच्या पापणीला कडकडून चावा घेतला. दुसऱ्या दिवशी सुजलेल्या डोळ्यानं तुम्ही कचेरीत गेलात आणि कुणी विचारलं तर सांगितलंत, तारा लागला.

आता माझ्या तक्रारीकडे येतो. हसण्यावारी नेऊ नका.

दोन-तीन उन्हाळे आपण तो गुच्छ बघितला. दर वेळी रुमालाखाली तुमचं एक बोट, फार तर दोन, आणि माझा अख्खा पंजा. विलायतेतल्या हौशी तारे बघणाऱ्यांच्या एका मंडळीला तुम्ही आपलं टिपण पाठवलंत. त्यात गुच्छाचा आकार होता, कडेच्या ताऱ्यांचा नकाशा होता, आणि तो नकाशा, मी मान्य करतो, तुमच्याशिवाय कुणाला जमला नसता. माझे पाच मात्र त्यात नव्हते. मी विचारलं, का? तुम्ही म्हणालात, धूर.

चैत्रात गुऱ्हाळं अजून पेटलेली असतात, सगळ्या आभाळाच्या कडेला चिपाडांचा धूर असतो, त्यातून दिवासुद्धा लाल दिसतो, असं तुमचं म्हणणं. ठीक, मी म्हटलं, वैशाखात बघू. वैशाखात तुम्ही म्हणालात, धूळ. मी म्हटलं, चैत्रात धूर, वैशाखात धूळ, आषाढात ढग, तुमच्या आभाळाला मुहूर्त कधीचा? आणि धूर असेल तर गुच्छाहून खाली असलेला मित्रक तारा पांढरा कसा दिसतो? तो तर आणखी धुरात. यावर तुम्ही लुंगी सावरत आपल्या गच्चीवर निघून गेलात. मी जिंकलो असं समजून त्या रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला भरदुपारी माझ्याच वखारीत नेलंत. दारं लावलीत, फटींना पोती लावलीत, आणि लांब कोपऱ्यात एक बारीक वात. तिच्या उजेडात फळीवर गुळाचे खडे मांडून ठेवले होते. रंग सांगा, म्हणालात. गुळाचा रंग, आणि मला. मी एकामागून एक सांगत गेलो, हा तांबडा, हा काळपट, हा तांबडा. मग तुम्ही दार उघडलंत. सगळे खडे एकाच पिवळ्याधमक ढेपेचे होते.

“डोळा हाय मल्लाण्णा, उजेड कमी पडला की रंग मनातनं घालतोय,” तुम्ही म्हणालात. “माझा पांढरा घालतोय, तुमचा लाल.”

मी फळी लाथाडली आणि पावसाळा संपेपर्यंत तुमच्याशी बोललो नाही. मिटल्या दारात, मिणमिणत्या वातीवर गूळ कुणी विकत नाही, हे माझं उत्तर मी तेव्हाही दिलं होतं आणि आजही तेच आहे. पण गच्चीवर ती नळी एकटी उभी राहिली आणि मला रोज जेवल्यावर काय करावं कळेना, हेही खरं. शेवटी दसऱ्याला तुम्हीच सोनं घेऊन आलात. आपट्याचं पान माझ्या हातात ठेवलंत आणि त्याच्याखालून हळूच एक बोट दाबलंत. मी पंजा दाबला. भांडण मिटलं, वाद तसाच राहिला.

मग लढाई आली आणि गेली. बोटी बुडत होत्या म्हणून तुमचं विलायती मासिक महिनोन्‌महिने यायचं नाही आणि मग एकदम गठ्ठाच यायचा. एका दुपारी तुम्ही तो गठ्ठा काखेत मारून पेठेत आलात. सौदे चालू होते, माझा हात रुमालाखाली होता. तुम्ही बाजूला घेतलंत आणि सांगितलंत की अमेरिकेत डोंगरावर एका अजस्र दुर्बिणीनं गुच्छांचे फोटो काढलेत, रंगीत काचांमधून, आणि गुच्छांतले सगळ्यांत झगझगीत तारे निघालेत लाल.

मी काय केलं ते सगळ्या पेठेनं बघितलं. ढेप फोडली आणि हमालांपासून शेटजींपर्यंत सगळ्यांना वाटली. कशाबद्दल, असं विचारलं की सांगायचो, अमेरिकेनं माझं ऐकलं. लोकांना वाटलं मी तिकडं गूळ पाठवायचा सौदा केला. एकानं तर जहाजाचं भाडं विचारलं. तुम्हीही खडा तोंडात टाकलात, तो संपेपर्यंत थांबलात आणि मग ते वाक्य बोललात.

“तारे लालच होते, मल्लाण्णा. पण तुमास्नी ते दिसले न्हाईत.”

याच्याइतकं झोंबणारं आयुष्यात मला कुणी काही बोललं नाही. मी बरोबर होतो, हे तुम्हाला मान्य. मी बघितलं, हे अमान्य. फोटोवाल्यांच्या काचेला जे कळलं ते आपल्या एवढ्याशा नळीतून कुणालाच कळणार नाही, माझा नेम अंधारात लागला, एवढंच तुमचं म्हणणं. मला अमेरिका नको होती, दस्तगीरभाई. तुमच्या तोंडून ‘तुम्हाला दिसलं’ एवढं हवं होतं. विलायतेच्या मंडळीनं मला ओळखलं नाही तर माझं काही अडत नाही. त्यांनी मला कधी बघितलेलं नाही. तुम्ही माझ्याशेजारी उभे होतात.

त्यानंतरचे आपले वाद मात्र किती मजेचे झाले. नव्या मंडळींप्रमाणे ते लाल तारे म्हणजे पोरं, अजून तापायची राहिलेली. मला राग आला की तुम्ही म्हणायचात, लाल झालात, म्हणजे अजून कच्चे आहात. मी म्हणायचो, पाक चुलीवर जास्त राहिला की लाल होतो, ते तारे म्हातारेच असणार, नवी मंडळीही चुकलेली आहे. तुम्ही पेन्शनीत निघालात त्या दिवशी म्हणालात, तुमचं खोटं ठरो बाबा, लाल म्हणजे पोरं असतील तर आपल्या दोघांना अजून आशा आहे.

आणि मरणावरूनसुद्धा भांडलो आपण. तुमच्यात माती देतात आडवं करून, आमच्या लिंगायतांत बसवून. मी म्हणायचो, बसलेला माणूस समोर बघतो, त्याला उगवता-मावळता दिसणार. तुम्ही म्हणायचात, आडव्या माणसाला मान न दुखवता सगळं आभाळ. त्या दिवशी कबरस्तानात तुमच्यावर मूठभर माती टाकताना मला हेच आठवलं आणि मी हसलो. तुमच्या जमातीतल्या एकानं रागानं बघितलं. शेजारच्यानं त्याला सांगितलं, राहू दे, तो गुळवाला त्यांचा दोस्त हाय, तो हसूनच रडतोय.

तुमच्या शेवटच्या दुखण्यात मी रोज येत होतो. बोलायची ताकद नव्हती तुमच्यात, म्हणून मीच बोलायचो, पेठेतल्या शिव्यांसकट. शेवटच्या संध्याकाळी तुम्ही गोधडीखालून माझा हात ओढलात. माझ्या हातात तीन बोटं दाबलीत. पुन्हा दाबलीत, स्पष्ट, तीन. इतकी वर्षं एकावर बसलेला माणूस एकदम तिनावर आला. माझ्या अंगात कोण संचारलं ते मला माहीत नाही, मी सवयीनं अख्खा पंजा दाबला. तुम्ही हसलात, हसता हसता खोकला आला, आणि भाभींनी मला हाकललं, आजारी माणसाला तरी भाव करू नका म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही नव्हतात.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात. ते तीन कशाचे होते? मला बरं वाटावं म्हणून दिलेले असतील, तर मला नकोत. जाता जाता वाटलेला प्रसाद मी घेत नाही. मी तुमच्यावर खरंच रागावलो होतो, भाई. मेलेल्या माणसावर रागावलेला माणूस फार एकटा पडतो.

मग परवा भाभींनी मला बोलावलं आणि कापडात गुंडाळलेली दुर्बिणीची डोळ्याची काच हातात ठेवली.

“तुमची काच घिऊन जावा,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या उशाला होती. अंथरूण धरायच्या आधी एकटंच वर गेलतं बघायला. वळीव पडून गेलता, म्हनालं, आज आभाळ धुतलंय, मला एकदा बघूनच घिऊ दे. दम लागला तरी खाली येईनात.”

मी जिन्यातच बसलो. म्हणजे तुम्ही पुन्हा बघितलं होतंत. ना धूर, ना धूळ, आणि शेजारी मीही नाही, कानात लाल लाल म्हणून ओरडायला. आणि तुम्ही कोण, तर आयुष्यभरात कुणाच्या बांधाला वीतभर सवलत न दिलेला माणूस. सख्ख्या मेहुण्याची जमीन मोजली तेव्हा तो तुमच्या दारात येऊन रडला, तरी खुंटी होती तिथंच राहिली. तो माणूस मला खूश करायला दोन बोटं जास्त देईल? कधीच नाही. तेव्हा ते तीन खरे. तुम्हाला दिसलं होतं. पिवळ्याच्या पलीकडे काहीतरी, पांढरं नक्की नव्हे. मी त्या जिन्यात इतका मोठ्यांदा हसलो की भाभी धावत आल्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग आता तरी मिटलं का? मी म्हटलं, सौदा आहे, असा मिटत नसतो.

काल पुन्हा वळीव पडला. जेवून मी गच्चीवर गेलो, काच बसवली, हात आधी नीट धुतले, मुंग्यांची आठवण ठेवून. नेसरीच्या अंगाला आभाळ लख्ख होतं. तुम्ही खरं दिलंत, तेव्हा मलाही खरं देणं भाग होतं, म्हणून घाई केली नाही. आधी सगळा गुच्छ राखेसारखा दिसला. मी बघत राहिलो. मग कडेचा तो एक कण, तुमच्या नकाशात ज्याच्याभोवती तुम्ही बारीक वर्तुळ काढलंय, तो किंचित उबदार वाटला. लाल म्हणायला मन धजेना, आणि पांढरा तर तो नव्हताच.

मी रुमाल नळीवर टाकला, खाली हात घातला आणि गार पितळेवर बोटं दाबली. चार.

चार, दस्तगीरभाई. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा खाली उतरलोय, याची नोंद घ्या. याच्या खाली मी येणार नाही. तुम्ही तिनावर, मी चारावर, मधे एक बोट राहिलं, आणि एका बोटासाठी शाहूपुरीत कुणी सौदा मोडत नाही. आडवे पडून निवांत बघा, घाई नाही. रुमाल मी उचललेला नाही.